दमेकऱ्याचा हवापालट

मृग नक्षत्र लागायच्या सुमारास मराठवाड्यातले दमेकरी हैदराबादची गाडी धरतात. तिथे बथिनी गौड कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या एक पिवळे औषध लहान जिवंत माशाच्या तोंडात भरून रुग्णाला गिळायला देत आले आहे. चार महिन्यांनी कोजागरीला आपल्याकडे गावोगाव दम्याच्या औषधाची खीर वाटतात. रात्री चांदण्यात ठेवायची आणि पहाटे खायची. या दोन्ही उपायांनी दमा बरा होतो याला वैद्यकीय पुरावा नाही आणि त्यांच्या भरवशावर चालू पंप (इनहेलर) बंद करणे जिवावर बेतू शकते. पण दोन्ही तारखा पाहण्यासारख्या आहेत. एक पावसाळ्याच्या तोंडावरची, दुसरी पाऊस सरून थंडीची चाहूल लागण्याच्या वेळची. ऋतू उलटतो तेव्हा छाती भरून येते, ही गोष्ट लोकांनी डॉक्टरांच्या कितीतरी आधी टिपली होती. समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकरांना दम्याने आयुष्यभर छळले आणि चाळिशी गाठण्याआधीच, १७ जून १८९५ रोजी ते गेले. तोही मृगाच्याच आगेमागे.

नांदेडशेजारच्या अर्धापूर किंवा आसपासच्या गावात कुणाला धाप लागू लागली की घरात पहिला सल्ला हवापालटाचा निघतो. कुणी म्हणते डोंगरात न्या, कुणी म्हणते कोकणात नको, तिथली हवा दमट. कुणी म्हणते लातूरला मुलाकडे राहा, तिथली हवा कोरडी. उंची, ऋतू आणि हवेतला धूर-धुरळा या तीन गोष्टींचा फुप्फुसाच्या रोग्यावर नेमका किती परिणाम होतो, याचा हा आढावा आहे. निष्कर्ष आधीच सांगतो: आपल्या भागापुरता उंचीचा वाटा नगण्य आहे, ऋतूंचा बराच आहे, आणि धूर-धुरळ्याचा सर्वांत मोठा आहे. आपण विचार मात्र नेमका उलट्या क्रमाने करतो.

डोंगराच्या हवेवरचा विश्वास क्षयाच्या काळातला आहे. क्षयावर औषध नव्हते तेव्हा युरोपात आल्प्समधल्या दावोससारख्या गावी रुग्णांना महिनोन्‌महिने ठेवत. तोच विचार इथे आला. पाचगणीत डॉ. रुस्तमजी बोमनजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये बेल-एअर हे आरोग्यधाम सुरू केले. मिरजेजवळ वानलेसवाडीला मिशनऱ्यांचा क्षयरुग्णांचा दवाखाना झाला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तिकडचे आरोग्यधाम विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या टेकड्यांवर होते. या ठिकाणी रुग्णांना विश्रांती, सकस अन्न आणि उघडी हवा मिळे, आणि घरच्यांना होणारा संसर्गही टळे. त्याचा काहींना उपयोग झाला. पण क्षयाचे जंतू डोंगराच्या हवेने मरत नव्हते.

याचा निकाल मद्रासमध्ये लागला. तिथल्या क्षय-रसायनोपचार केंद्राने १९५६ पासून एक प्रयोग केला. शहरातल्या गरीब, दाटीवाटीच्या वस्तीतल्या क्षयरुग्णांचे दोन गट केले. एका गटाला आरोग्यधामात ठेवून औषधे दिली, दुसऱ्याला घरीच तीच औषधे दिली. घरी राहणाऱ्यांचे जेवण कमी प्रतीचे होते, विश्रांती कमी होती, हवाही वाईट होती. तरीही बरे होण्याचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले आणि घरच्यांना संसर्ग होण्याचे प्रमाणही वाढले नाही. १९५९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभरातल्या आरोग्यधामांना उतरती कळा लागली. जगातले साधारण चौथाई क्षयरुग्ण आजही भारतात आहेत. त्यांच्यासाठी हवापालटापेक्षा औषधांचा न चुकता पूर्ण केलेला कोर्स महत्त्वाचा आहे, ही गोष्ट साठ वर्षांपूर्वीच आपल्या देशात सिद्ध झाली. क्षय बरा झाल्यावरही फुप्फुसावर व्रण राहतात आणि अशा माणसाला पुढे कायमची धाप लागू शकते. गावात ‘टीबी होऊन गेलेला’ माणूस चार पावलांत थांबतो तेव्हा पुष्कळदा हेच कारण असते. त्याला पुन्हा क्षय झालाच असे समजू नये, पण तपासणीवाचून सोडूनही देऊ नये.

आता उंचीचा हिशेब. हवेत प्राणवायूचे प्रमाण समुद्रकाठीही २१ टक्के आणि हिमालयातही २१ टक्केच असते. वर जावे तसा हवेचा दाब कमी होतो, म्हणून प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी येतो. नांदेड समुद्रसपाटीपासून साधारण ३६० मीटरवर, गोदावरीच्या खोऱ्यात आहे आणि अर्धापूर त्याच्या शेजारीच. लातूर बालाघाटच्या पठारावर, त्याहून दोनेकशे मीटर वर. या दोन गावांतल्या दाबाचा फरक दोन-अडीच टक्क्यांचा. फुप्फुसे कितीही थकलेली असली तरी एवढ्याने उन्नीस-बीस होत नाही. लातूरला गेल्यावर आजोबांना बरे वाटले असेल, तर चूल सुटली, शेतातला धुरळा सुटला, दवाखाना जवळ आला, अशी कारणे आधी तपासावीत.

पाचगणी-महाबळेश्वर म्हणजे १३००-१४०० मीटर. तिथे दाब समुद्रसपाटीच्या साधारण ८५ टक्के असतो. सौम्य दमा असलेल्याला याचा त्रास होत नाही. उलट विरळ हवा अरुंद झालेल्या श्वासनळ्यांतून थोडी सहज वाहते. थंड, कोरड्या डोंगरी हवेत गादी-उशीतले धूळकिडे जगत नाहीत, म्हणून दावोसला गेलेल्या दमेकरी मुलांना खरोखर आराम पडे. पण दावोसचा हा नियम सह्याद्रीला जसाच्या तसा लावता येत नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे जुलैमध्ये भिंतींना ओल येते, कपड्यांना बुरशीचा वास येतो. पाचगणी तिथून वीसेक किलोमीटरवर असूनही पाऊस कितीतरी कमी, आणि जुनी आरोग्यधामे महाबळेश्वरऐवजी पाचगणीत झाली यात नवल नाही. दमेकऱ्याला डोंगरात न्यायचेच असेल तर आधी पावसाचा विचार करावा, मग उंचीचा.

खरा धोका साडेतीन हजार मीटरच्या यात्रेत आहे आणि हा प्रश्न नांदेडकरांच्या अगदी जवळचा आहे. दर उन्हाळ्यात इथून चारधामच्या गाड्या निघतात. हुजूर साहिबच्या या गावातून हेमकुंड साहिबला जाणारेही असतात. केदारनाथ साडेतीन हजार मीटरच्या वर, अमरनाथ ३८८८ मीटरवर, हेमकुंड चार हजारांच्याही वर. तिथे श्वासात येणारा प्राणवायू अर्धापूरच्या दोन-तृतीयांश किंवा त्याहूनही कमी असतो. निरोगी माणूस जोरात श्वास घेऊन भरपाई करतो. ज्याच्या फुप्फुसांची ताकद आधीच निम्म्यावर आली आहे, त्याच्याकडे भरपाईला काही शिल्लक नसते.

रक्तातल्या प्राणवायूचे वागणे बालाघाटच्या पठारासारखे आहे. पठारावरून चालताना बराच वेळ उतार जाणवत नाही, आणि कड्याशी आलो की एकदम घाट लागतो. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९६ दाखवणारा माणूस पठाराच्या मध्यावर असतो. घरी बसल्या जागी ९१-९२ दाखवणारा कड्यावर उभा असतो. त्याला थोडीशी उंचीही खाली ओढते. शिवाय प्राणवायू कमी पडला की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. पायांवर सूज असलेल्या जुन्या रोग्याचा जीव यातच जातो. म्हणून ज्यांचा आकडा बसल्या जागी ९२च्या खाली आहे, ज्यांना वर्षभरात दवाखान्यात दाखल व्हावे लागले आहे, त्यांनी छातीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय चारधामचे पैसे भरू नयेत. माहूरगड, तिरुमला यांची उंची त्रास देत नाही, तिथे पायऱ्या त्रास देतात. तिरुमलाच्या साडेतीन हजारांवर पायऱ्यांसाठी बस आहे आणि बसने गेल्याने देव रागावत नाही. विमानाबद्दलही एक शब्द. उडत्या विमानातला दाब जास्तीत जास्त २४०० मीटरच्या डोंगराएवढा ठेवलेला असतो. मुलाकडे परदेशी निघालेल्या आजी-आजोबांना दहा-बारा तास त्या डोंगरावर बसावे लागते. प्रवासात प्राणवायू लागेल का, हे तिकीट काढण्याआधी विचारावे.

आता ऋतूंकडे येऊ. ऋतू उलटला की छाती भरते, ही हैदराबादच्या गाडीत बसणाऱ्यांना कळलेली गोष्ट खरी आहे, पण तिची कारणे अनेक आहेत. पहिल्या पावसाने हवेतली धूळ खाली बसते आणि काही दिवस छान जातात. मग घरात ओल शिरते. पत्र्याखाली, कुडाच्या भिंतीला, धान्याच्या पोत्यांमागे बुरशी धरते. हवेतला ओलावा निम्म्याहून वर गेला की धूळकिडे वाढतात. त्याच महिन्यात शाळा उघडतात आणि मुले वर्गातून सर्दी-तापाचे विषाणू घरी आणतात. लहान मुलांच्या दम्याच्या उबळीमागे बहुतेक वेळा असा विषाणू असतो. पुढे श्रावण-भाद्रपदात बांधांवर गाजरगवत फुलते. हे गवत आपल्याकडे १९५५च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदले गेले आणि बघता बघता मराठवाड्याचे धुरे त्याने व्यापले. त्याच्या परागांनी शिंका आणि नाक वाहणे सुरू होते, आणि नाकापासून छातीपर्यंतचा रस्ता एकच असतो. वळवाच्या वावटळीपासूनही जपावे. मेलबर्नमध्ये २१ नोव्हेंबर २०१६च्या संध्याकाळी एका वादळात गवताचे पराग फुटून त्यांचे सूक्ष्म तुकडे शहरभर पसरले. काही तासांत हजारो लोकांना धाप लागली आणि १० जण दगावले. त्यांत दम्याचे निदान कधीच न झालेलेही होते. वीज कडाडू लागली आणि वारा सुटला की दमेकऱ्याने दार-खिडक्या लावून आत बसावे, एवढा धडा आपल्यालाही घेण्यासारखा आहे.

उन्हाळ्याचे दुखणे आपण फुप्फुसाशी जोडतच नाही. दमा म्हणजे थंडीचा रोग, अशी समजूत पक्की आहे. नांदेडचा पारा मे महिन्यात ४२-४४ अंशांवर राहतो. एवढ्या उष्म्यात शरीर गार ठेवण्यासाठी श्वास वाढतो आणि फुप्फुसाच्या जुन्या रोग्याला तो वाढीव श्वास परवडत नाही. पाणी कमी पडले की बेडका घट्ट होतो, सुटत नाही. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या सव्वा कोट वृद्धांच्या नोंदींवरून असे दिसले की तापमान साडेपाच अंश सेल्सिअसने वाढले की श्वसनरोगासाठी तातडीने दाखल होणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांनी वाढते. ज्या देशात घरोघरी एसी आहेत तिथला हा आकडा. पत्र्याच्या खोलीत दुपार काढणाऱ्या म्हाताऱ्याचे काय होत असेल याचा अंदाज प्रत्येकाने करावा. कूलर लावला तर त्याचे गवत दर हंगामाला बदलावे आणि खिडकी थोडी उघडी ठेवावी. जुन्या ओल्या गवतात बुरशी वाढते आणि पंखा ती थेट रोग्याच्या तोंडावर फेकतो.

हिवाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. निरभ्र रात्री जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची हवाही गार आणि जड होते, वर उबदार हवेचा थर बसतो. खालचा धूर वर जाऊच शकत नाही. ईसापूरच्या कालव्यामुळे अर्धापूरचा शिवार ओलिताचा, केळीच्या बागांचा. पहाटे धुके धरते आणि धूर त्यात मिसळतो. शेकोट्या, पेटवलेले पाचट आणि चुली, सगळ्यांचा धूर सकाळी आठ-नऊपर्यंत माणसाच्या उंचीवरच रेंगाळतो. दमेकऱ्याने पहाटे पाचला फिरायला जाणे हा डिसेंबरातला सर्वांत वाईट सल्ला आहे. ऊन चांगले वर आल्यावर जावे.

इथून आपण मुख्य मुद्द्याशी येतो. भारतातल्या श्वसनरोगांचा राज्यवार अभ्यास २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०१६ मध्ये देशात सीओपीडीचे, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणाऱ्या जुनाट रोगाचे, साडेपाच कोट आणि दम्याचे पावणेचार कोटींच्या वर रुग्ण होते. जगाच्या १८ टक्के लोकसंख्येवर जुनाट श्वसनरोगांचे ३२ टक्के ओझे. सीओपीडीने होणाऱ्या हानीपैकी निम्म्याहून अधिक, ५३.७ टक्के, घरातल्या आणि बाहेरच्या दूषित हवेमुळे, तंबाखूमुळे २५.४ टक्के, कामाच्या जागच्या धूळ-धुरामुळे १६.५ टक्के. डॉक्टर अजून पहिला प्रश्न ‘विडी ओढता का’ हाच विचारतात आणि जन्मात विडीला हात न लावलेली बाई ‘नाही’ म्हणून निदानाविना घरी परतते. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये लिहून ठेवले होते की जगात सीओपीडीचे मोठे कारण चुलीचा धूर आहे आणि हा रोग धूम्रपान न करणाऱ्यांनाही होतो.

आपल्याकडच्या चुलीत काय जळते? तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या, बाभळीचा काटा. स्वयंपाक चालू असताना बंद खोलीत सूक्ष्म कणांचे प्रमाण दर घनमीटरला शेकडो मायक्रोग्रॅमवर जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये घालून दिलेली वर्षाची सरासरी मर्यादा ५ मायक्रोग्रॅमची आहे, आपल्या देशाची ४०ची. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि सिलिंडर गावात पोहोचले, ही मोठी गोष्ट झाली. पण पाहुण्यांचा चहा गॅसवर आणि भाकरी, अंघोळीचे पाणी, गुरांचे आंबोण चुलीवर, अशी विभागणी अजून घरोघरी आहे. ती आळसाने नाही, पैशाने झाली आहे. घरात धाप लागणारी व्यक्ती असेल तर निदान पाणी तापवायची चूल अंगणात न्यावी आणि त्या व्यक्तीला फुंकणीपाशी बसवू नये. केळीच्या आणि कालव्याच्या गावात डास भरपूर, म्हणून खाटेखाली रात्रभर डासांची अगरबत्ती, म्हणजे कॉइल, जळते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डासांच्या एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडल्याचे मोजले गेले. मच्छरदाणी स्वस्त आहे आणि तिचा धूर होत नाही.

घराबाहेर पडले की हंगामाची धूळ. आश्विनात सोयाबीनची मळणी, पौष-माघात तूर आणि ऊस, पुढे हळद. हळद शिजवायला लाकूड जळते, आणि वाळलेली हळद ढोलात घालून पॉलिश करताना पिवळ्या धुळीचा लोट उठतो. त्यात मजूर तोंडाला उपरणे बांधून दिवस काढतात. ऊसतोडीची माणसे जळालेल्या पाचटाच्या राखेत चालतात आणि कोपीत त्याच पाचटावर स्वयंपाक करतात. त्यांची लेकरे दोन्ही ठिकाणी सोबत असतात. साखर कारखान्यातल्या चिपाडाला ओल लागून बुरशी आली की तिच्या धुळीने फुप्फुसाचा वेगळाच दाह होतो. ताप, कोरडा खोकला, धाप. दमट कडब्याच्या गंजीशी काम करणाऱ्या शेतकऱ्यालाही तसाच होतो आणि तो बहुधा न्यूमोनिया म्हणून औषध घेत राहतो. कामावर गेल्यावर त्रास वाढतो आणि चार दिवस सुटीत उतरतो, एवढे डॉक्टरांना नक्की सांगावे. निदान तिथून सुरू होते.

सोयाबीनबद्दल थोडे जास्त बोलले पाहिजे, कारण लातूर-नांदेडचा बाजार त्यावर चालतो. स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात २६ वेळा असे झाले की एकाच दिवशी अचानक दम्याचे रुग्ण दवाखान्यांत लोटले. हवेतले नेहमीचे प्रदूषण मोजून काही हाती लागेना. शेवटी संशोधकांनी बंदराचे वेळापत्रक काढले. ज्या दिवशी साथ आली त्या प्रत्येक दिवशी बंदरात जहाजातून सोयाबीन उतरवले जात होते. एका गोदामाला धूळ अडवणारी गाळणी नव्हती आणि टरफलांची बारीक धूळ वाऱ्याने शहरावर जात होती. गाळण्या बसवल्या आणि साथी थांबल्या. म्हणजे धुळीचे मूळ सापडले तर शहरभराचा दमा एका यंत्राने आवरता येतो. आपल्या मोंढ्यांत, दाळ मिलमध्ये, मळणी यंत्रापाशी ही दृष्टी अजून आलेली नाही. मळणी यंत्र वाऱ्याची दिशा बघून, वस्तीपासून लांब लावणे याला तर खर्चही नाही.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. त्यातल्या महाराष्ट्रातल्या शहरांत लातूर आहे, नांदेड नाही. यावरून नांदेडची हवा चांगली असा अर्थ कुणी काढू नये. शहरातल्या चौकात लावलेल्या यंत्रावरून अर्धापूरच्या स्वयंपाकघरात काय आहे ते कळत नाही, आणि नागपूर-तुळजापूर महामार्गालगतच्या घरांत किती धूळ बसते तेही कळत नाही. धोरण शहरांच्या नावाने आखले जाते, आणि चुलीचा, पाचटाचा, मळणीचा धूर त्या यादीत कुठेच नसतो. माझ्या मते या कार्यक्रमातली ही सर्वांत मोठी उणीव आहे.

हवापालट करता येतो, पण तो गाव सोडून नव्हे, गावातला धूर-धुरळा कमी करून. पाचट न जाळता कुट्टी करून सरीत आच्छादन म्हणून टाकले तर जमिनीलाही ते हवे असते. रोग्यापुरते पाहिले तर पंपाबद्दलची भीती घालवली पाहिजे. पंपाची सवय लागत नाही. गोळीपेक्षा कितीतरी कमी औषध थेट जागेवर पोहोचते, एवढाच त्याचा अर्थ. पंप ओढायची पद्धत मात्र डॉक्टरांनी किंवा परिचारिकेने समोर करून दाखवलीच पाहिजे. साठीपुढच्या प्रत्येक दमेकऱ्याने पावसाळ्याआधी फ्लूची लस घ्यावी आणि न्यूमोनियाच्या लशीबद्दल विचारावे. घरी प्राणवायूचे यंत्र असेल तर वीज गेल्यावर काय करायचे, याची सोय आधी ठरवावी, कारण आपल्याकडे वीज नेमकी वादळात जाते.

आणि शासनाकडे एक मागणी. रक्तदाबाचे यंत्र आता प्रत्येक आरोग्य केंद्रात आहे. फुप्फुसाची ताकद मोजणारे स्पायरोमीटर तालुक्याच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात असावे, ते चालवणारे माणूस नेमलेले असावे, आणि मृगाआधी व कोजागरीआधी तपासणीचे शिबिर भरावे. लोक त्या दोन दिवशी औषधाच्या शोधात घराबाहेर पडतातच. त्या दिवशी त्यांच्या हाती खरे औषध पडेल अशी व्यवस्था अर्धापूरपासून सुरू करावी.